जुन्या धाकट्याचा भाव

८ सप्टेंबर, सोमवार

शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात हर्षदभाईचा फोन. घाटकोपरहून त्याचा फोन येतो तेव्हा त्याला एक तर काहीतरी विकायचं असतं, नाही तर मला घाबरवायचं असतं. आज दुसरं. "शेठ, नवा धाकटा येतोय. दसऱ्याच्या आधी. माल काढून टाका."

कॅमेरा कंपनीच्या घरात भाऊ तीन. थोरला लग्नवाल्यांचा, मधला हौशी लोकांचा, धाकटा नवशिक्यांचा, वजनाला हलका आणि खिशाला बरा. थोरल्याचं नाव वर्षानुवर्षं तेच. धाकट्याचं मात्र दर दोन वर्षांनी नवीन बारसं, आणि बारसं झालं की आधीच्याची किंमत खाली. नवा आला की जुना उतरतो. एकतीस वर्षं ह्या एका वाक्यावर मी दुकान चालवतोय. सेकंडहँडवाला हे विसरला तर त्याच्या दुकानाचं म्युझियम होतं.

आपल्याकडे जुने धाकटे सहा. उद्यापासून भाव उतरवायचा.

रात्री जेवताना सुधाला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बिचाऱ्यांनी काय केलं?" कॅमेऱ्यांबद्दल बोलत होती.

१२ सप्टेंबर, शुक्र.

सोसायटीचं पत्र आलं. १५ नोव्हेंबरपर्यंत घरं रिकामी करायची. बिल्डर म्हणतो तीन वर्षांत नवीन फ्लॅट, म्हणजे पाच धरायची. आमची भाड्याची जागा ऐरोलीत ठरली आहे. दोन खोल्या, समोर खाडी, सुधा म्हणते मच्छर फुकट.

तळमजला धरून चार मजले, प्रत्येकी सहा दारं. ह्या चोवीस दारांचंच सु.च्या डोक्यात जून महिन्यापासून चाललंय. दुकानात कोपऱ्यात आणखी एक जुना धाकटा पडून होता, वर्षभर कोणी हात लावत नव्हतं, तो तिने उचलला आणि म्हणाली हा माझा. मला वाटलं टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या बाईला दोन महिन्यांची हौस. पण ती एकेका घरच्या माणसांना त्यांच्याच दारात उभं करते आणि फोटो काढते. दार उघडं, पाठीमागे घर दिसतंय, माणसं उंबऱ्यावर. बस्स. नऊ दारं झाली.

तळमजल्याचे सावंत परेडला उभे राहावेत तसे उभे राहिले. सु. त्यांना म्हणाली, "सावंतांनू, तुमी दारात उबे आसात, कोर्टात नाय." तेव्हा ते हसले आणि तेवढ्यात हिने दाबलं. फोटो झकास आलाय. सावंत एवढे देखणे आहेत हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिचा नंबर मोठा, मायनस तीन, शिवाय दोन भिंगांचा चष्मा. डोळा लावून बघायची जी खिडकी असते तिच्या शेजारी एक बारीक चाक असतं. ते मी तिच्या नंबराला फिरवून दिलं. चष्मा काढून केसांत खोचायचा आणि डोळा लावायचा, तिला लख्ख दिसतं. म्हणते, "एवढं स्वच्छ तर मला लग्नात तुम्ही पण दिसला नव्हतात."

१७ सप्टें., बुध.

पाच जुने धाकटे हर्षदभाईला एकगठ्ठा दिले. उतरल्या भावाने दिले, पण अजून उतरायच्या आत सुटलो. सहावा ठेवलाय. दसऱ्याच्या पूजेत एखादा धाकटा असावा.

स्वतःवर खूश आहे आज. सु.ला म्हटलं, बघ, वेळेत काढला माल. ती फूलवालीशी तोरणांचं बोलत होती. ह्या वर्षी बिल्डिंगमधल्या चोवीसही दारांना सारखं तोरण लावायचं, झेंडू आणि आंब्याची पानं, असं तिने सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. ह्या दारांवरचा शेवटचा दसरा. उरलेली पंधरा दारं ती त्याच दिवशी काढणार आहे. बंद पडलेल्या १४ नंबरवरही तोरण लागणार. त्यांची माणसं दहा वर्षं फिरकलेली नाहीत.

१९ सप्टें., शुक्र.

नवा धाकटा जाहीर झाला. दिवसभर सगळे धंदेवाले तेच बघत बसलोय.

दिसायला गोड आहे. हलका आहे. पण खिडकीच नाही त्याला. डोळा लावायची सोयच काढून टाकलीय. मोबाइलसारखा हात लांब करून मागच्या पडद्यात बघायचं. फ्लॅशही नाही.

हर्षदभाईला विचारलं, काय वाटतं. तो म्हणाला, "बच्चा लोगला काय फरक पडतो." मलाही तेच वाटतंय. नवा तो नवा.

२५ सप्टें., गुरु.

वाट लागली.

सकाळपासून चार जण आले आणि चौघांनी जुनाच धाकटा मागितला. "काका, डोळ्यावाला आहे का?" त्याला नावच पडलंय, डोळ्यावाला. कुठल्याशा पोराने व्हिडिओत सांगितलं म्हणे की शिकायचं असेल तर डोळा लावूनच शिका, नवीन घेऊ नका. झालं. जो माल मी चौदा हजारांना एक असा दिला तो हर्षदभाई बावीसला विकतोय, आणि लोक घेताहेत. त्याने दुपारी फोन करून माझे आभार मानले. मनापासून मानत होता, हे जास्त लागलं.

ज्या जुन्या गिऱ्हाइकांना मी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं की विकायचा तर आत्ता विका, त्यांना फोन केले. एकही देत नाही. कांजूरचे मास्तर म्हणाले, "तुमचं ऐकलं नाही ते बरंच झालं."

रात्री सु.ने पोळी वाढली आणि नुसतं म्हणाली, "एकतीस वर्षं."  मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

२९ सप्टें., सोम.

अंगात कणकण. दुकानावर सु. बसली. तिथून फोन करून तिने काहीतरी सांगितलं, अमुक दिला, एवढे आले. मी गोळी घेऊन पडलो होतो. हो हो म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी

पूजा झाली. काउंटरवर लाल कापड, त्यावर सगळे कॅमेरे रांगेत, लेन्सा, स्टँड, माझा बारीक स्क्रूड्रायव्हरांचा डबा. सगळ्यांना हळदकुंकू. सु.ने स्वतःचा कॅमेराही आणून रांगेत ठेवला. म्हणाली, "हे पण हत्यारच आहे ना, माझं." बरोबर आहे. चार महिन्यांत तिने जेवढं काम केलं तेवढं दुकानातल्या एकाही कॅमेऱ्याने केलेलं नाही.

पूजेतली हत्यारं नवमीला उचलायची नाहीत. रात्रभर तिथेच. उद्या सकाळी तोरणं लावून झाली की ती अकराला येऊन कॅमेरा नेणार आणि दारं काढणार.

आपल्या दुकानाचा रिवाज वडिलांपासूनचा. दसऱ्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाने पूजेतल्या ज्या वस्तूला हात लावला ती द्यायची, आणि भाव वाढवायचा नाही. उद्या कोण येतंय बघू.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

लिहवत नाही, पण लिहितो.

दहाला एक मुलगी आली. तेवीस-चोवीसची, चष्मा, बुरखा, पाठीला कॉलेजची सॅक. गोवंडीहून आली होती. नाव सानिया. चेंबूरला एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. मेंदी-हळदीचे फोटो काढायचं काम सुरू करायचंय. त्यांच्याकडे बायकांच्या कार्यक्रमात पुरुष फोटोग्राफर चालत नाही आणि बाई मिळत नाही. दीड वर्ष पैसे साठवत होती.

तिने चष्मा काढला आणि रांगेतला एकेक कॅमेरा डोळ्याला लावून बघितला. एकाशी थांबली. "काका, ह्याच्यात साफ दिसतंय. बाकी सगळ्यांत धुंदलं." मी हसून म्हटलं, घे, तुझाच आहे तो. लॉटमधला सहावा, मागे ठेवलेला. भाव उतरल्या वेळचाच लावला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी कुंकू पुसून, मेमरी कार्ड घालून, पिशवीत घालून दिला, वर आपट्याची पानं. दसरा सोन्यासारखा गेला म्हटलं.

अकराला सु. आली. अबोली रंगाची साडी, केसांत गजरा. रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

सहावा तिने सोमवारीच विकला होता. मला फोनवर तेच सांगत होती. रांगेत धाकटा एकच होता आणि तो तिचा होता.

एका माणसाला सगळ्यांत धूसर आणि एकात स्वच्छ दिसतं, म्हणजे त्याचं चाक फिरवलेलं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. त्या मुलीचा नंबरही सु.च्या जवळपासच असणार. आणि मी माझ्या दुकानातला प्रत्येक कॅमेरा आवाजावरून ओळखतो अशी फुशारकी मारत फिरतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "असांदे," म्हणाली. घरी गेली. तिचं मेमरी कार्ड घरी चष्म्याच्या डबीत होतं, नऊ दारं तेवढी वाचली.

संध्याकाळी जिना चढताना चोवीस तोरणं बघितली. सगळी सारखी. फार सुंदर दिसत होती.

४ ऑक्टो., शनि.

नवा धाकटा घरी नेला. खोकं, रिबीन सगळं. तिने मन ठेवायला घेतला आणि गॅलरीत जाऊन हात लांब केला. उन्हात पडदा काळा. चष्मा वर केला, खाली केला, मान मागे घेतली. दोनदा प्रयत्न केला. "माका ह्याच्यात दिसणा नाय," म्हणाली आणि नीट खोक्यात ठेवून दिला.

मधल्याला खिडकी आहे, पण तो जड. गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून तिला पातेलंही दोन हातांनी उचलावं लागतं.

हर्षदभाईकडे जुना एकही उरला नाही. अंधेरीला दोघांकडे जाऊन आलो. एकाकडचा सकाळीच गेला होता, दुसऱ्याकडच्याची खिडकी आतून बुरशीने पांढरी. बावीसचा पंचवीस झालाय आणि पंचवीसलाही नाही.

५ ऑक्टो., रवि.

गॅरंटी कार्डावर सानियाचा नंबर होता. फोन केला. कॅमेरा बरा चालतोय ना, विचारलं. ती इतकी खुशीत बोलायला लागली. अकरा तारखेला पहिली मेंदी मिळालीय, मामेबहिणीच्या नणंदेची. बॅटरी किती वेळ चालेल, उजेड कमी असला तर काय करू, सगळं विचारून घेतलं. मी सांगत बसलो. पंधरा मिनिटं झाली, फोन ठेवला.

सु. भाजी निवडत होती. "विचारलंत?"

"नाही."

"बरं केलंत," म्हणाली. विकलेली वस्तू परत मागायची नाही, हे तिला मी सांगायला नको. पण देठ फार जोरात मोडत होती.

११ ऑक्टो., शनि.

हा आठवडा वाईट गेला. म्हणजे काही झालं नाही. ती बोलते, हसते, डबा देते. पण रोज चारला कॅमेरा गळ्यात घालून जिन्याने वर-खाली करायची, ते बंद. तिसऱ्या मजल्याचे पेंडसे आज ठाण्याला गेले, सांगितल्यापेक्षा महिनाभर आधी. त्यांचं दार राहिलं. जाताना पेंडसेकाकू सु.ला म्हणाल्या, आमचा काढणार होतीस ना. ही म्हणाली, हो, राहिला.

तिचा राग मला सोसतो. हे सोसत नाही.

१२ ऑक्टो., रवि.

दुपारी दुकानात सानिया आली. कालच्या मेंदीचे फोटो पिवळे आलेत, काय चुकलं विचारायला. सु. माझा डबा घेऊन आलेली, तीही तिथेच. पोरीने चष्मा काढून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि सु. तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, तुझा नंबर काय गं? मायनस पावणेतीन. "माझा तीन."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पूजा, सहावा, चाक, तोरणं. सानिया ऐकत होती आणि ऐकता ऐकता कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळत होती. शेवटी मान वर न करता म्हणाली, "सॉरी काका, मी परत नाही देणार. दोन कामं घेतलीत मी. ॲडव्हान्स घेतलाय."

सु. म्हणाली, "कोण मागतंय? तुझा आहे तो." आणि पिवळं का येतं ते तिला समजावायला लागली. चार महिन्यांपूर्वी हिला स्वतःला कळत नव्हतं. बल्बच्या उजेडाचं, कोणतं बटण, सगळं बरोबर सांगितलं. 

जाताना सानिया दारातून परत आली. "आंटी, रविवारी मी मोकळी असते. कॅमेरा घेऊन येऊ का? तुम्ही काढा, मी बघते. मला माणसांना उभं कसं करायचं ते जमत नाही. सगळ्या घाबरल्यासारख्या दिसतात."

सु. म्हणाली, आत्ता वेळ आहे? दुकान बंद करून मी पण मागे गेलो. अंधार पडेपर्यंत पाच दारं झाली.

१९ ऑक्टो., रवि.

तोरणं सुकली होती, पण सु. म्हणाली असू देत, आपण पण सुकलोच की. वर आकाशकंदील लागलेत. सहा दारं. एकूण वीस.

दोघींचं काम बघण्यासारखं. चाकाला हात लावावा लागत नाही. एकीने चष्मा काढला की दुसरी घालते. तिसऱ्या मजल्यावर नाईकांच्या सुनेला सानियाने एकटीने उभं केलं, बाळ कडेवर, आणि सु. मागे पायऱ्यांवर बसून राहिली. काढून झाल्यावर म्हणाली, बरा आहे, पण तिचे पाय कापलेस, घरात माणूस पायाने येतं. सानियाने परत काढला.

जेवायला थांबली. मासे खाते का विचारलं तर हसली, गोवंडीत राहते आंटी, पुण्यात नाही. सु.ने बांगडे तळले.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

हर्षदभाई आला होता फराळाला. बहिणीकडे मुलुंडलाच येतो. त्याने सानियाबद्दल ऐकलं. "शेठ, तिला सांगा, अठ्ठावीस देतो मी. लग्नाचा सीझन आहे, मला चार जण विचारतात."

अठ्ठावीस. मी तिला जितक्याला दिला त्याच्या दुप्पट. त्यात थोडे घालून तिला मधला येईल, आणि तिच्या कामाला मधला जास्त बरा. धंद्याचा माणूस म्हणून हे तिला सांगणं माझं काम आहे. आणि सांगितलं तर कॅमेरा घाटकोपरला जाणार आणि सु.ची उरलेली दारं राहणार.

सु.ला विचारलं. "सांगा," म्हणाली. "न सांगून रविवारी तिला बांगडे कसे वाढू मी?"

२४ ऑक्टो., शुक्र.

सांगितलं.  विचार करते काका, म्हणाली.

माझी झोप गेली. वास्तविक मीच अठ्ठावीस देऊन तो घेऊ शकतो. हेही सु.ला म्हणालो. ती खरीच चिडली, महिन्याभरात पहिल्यांदा. "तुमका काय कळता? कॅमेरो माका मिळात. पोरगी येयत परत?"

२६ ऑक्टो., रवि.

सानिया आली. कॅमेरा गळ्यात. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "नाही विकत काका. मधला आला तर मला परत सगळं शिकायला लागेल. आणि अम्मी म्हणते, चांगला चाललेला हात बदलू नको."

मला इतका आनंद झाला की मी उगाच पार्ल्याच्या बिस्किटांचे दोन पुडे आणायला खाली गेलो.

१४ नंबर झाला. बंद दार, कुलूप, सुकलेलं तोरण, समोर कोणी नाही. सु.ने फार वेळ घेतला त्याला. पहिल्या मजल्याचे बापटही झाले. बावीस.

२ नोव्हेंबर, रवि.

सानियाला ठाण्यात काम होतं, तिथूनच इथे आली, दमलेली. तिला पेंडशांचं कळलं होतं. म्हणाली, ठाण्यातच आहेत ना, त्यांना बोलवा की. सु.ने फोन केला. दोघं म्हातारी रिक्षा करून आली, काकू नऊवारी नेसून. घर पूर्ण रिकामं, भिंतींवर तसबिरींचे चौकोन. पेंडसे म्हणाले, अहो आता आमचं नाही हे दार. सु. म्हणाली, पंधरा तारखेपर्यंत सगळ्यांची आहेत.

तेवीस. राहिलं एक, आमचं.

आत्ताच काढून टाकू म्हटलं. सु. नको म्हणाली. शेवटच्या दिवशी.

८ नोव्हें., शनि.

आता हे ऐका. कंपनीने जाहीर केलंय, जुना धाकटा बंद करणार नाही, लोकांची मागणी बघता आणखी वर्षभर बनवणार. सोमवारपासून नवाकोरा, खोक्यातला, चोवीसला. सेकंडहँड पुन्हा धाडकन पंधरावर. हर्षदभाईने गेल्या आठवड्यात इकडून तिकडून सात उचलले होते, सव्वीस-सव्वीसला. त्याने मला फोन केला, आणि मी आभार मानले नाहीत. एवढा सज्जन मी आहे.

नवा आला की जुना उतरतो, हे वाक्य मी आता गिऱ्हाइकाला सांगत नाही. गरज आहे का, एवढंच विचारतो. असेल तर घ्या म्हणतो. भावाचं मला काही कळत नाही.

सानियाचे मात्र तेरा हजार बुडाले, माझ्या हिशेबाने. तिला फोन करून सॉरी म्हटलं. तिला कळेचना मी कशाबद्दल बोलतोय.

१० नोव्हें., सोम.

पहिल्याच खोक्यातला एक कोरा जुना धाकटा घरी आणला. चाक सु.च्या नंबराला फिरवूनच. तिने डोळा लावला, गॅलरीतून खालच्या आंब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दिसतंय," म्हणाली. थोडा वेळ डोळ्याला लावूनच उभी राहिली. मला वाटतं रडत होती, पण कॅमेरा मध्ये होता.

पसारा बांधायचा चाललाय. कॅमेऱ्याचं खोकं तिने स्वतःच्या पिशवीत ठेवलं, टेंपोत घालायचं नाही म्हणून.

१४ नोव्हें., शुक्र.

उद्या टेंपो दहाला. सानियाचा फोन आला. आज रात्री भिवंडीत लग्न आहे, पहाट होईल, उद्या बारापर्यंत येण्याचा प्रयत्न करते, पक्कं नाही सांगत.

मी सु.ला म्हटलं, आता घरात कॅमेरा आहे. मी काढतो तुझा.

म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं. ह्या दुकानातून हजारो कॅमेरे गेले. कुठला उजेड, कुठला कोन, सगळ्या मुंबईला मी सांगतो. आणि सुधाचा एकही फोटो मी काढलेला नाही. लग्नातले दुसऱ्याने काढले. त्यानंतरचे कोणी ना कोणी काढले. मी कायम काउंटरच्या पलीकडे. चौतीस वर्षं. मी तिला हे तसंच सांगितलं. म्हटलं, लाज वाटते मला.

ती बांधलेल्या गादीवर बसली होती. म्हणाली, "काढा की कधीतरी. ऐरोलीला काढा. पण ह्यो नको."

का नको?

"तुमी काढलात तर तुमी खय उबे रवतलात? मी एकटीच उबी रवलंय तर ता दार माज्या एकटीचा होतला."

१५ नोव्हें., शनि. दुपार

बाराला दहा कमी. घर रिकामं. ही वही तेवढी बाहेर, उंबऱ्यावर बसून लिहितोय.

टेंपो दहाला आला. सामान चढून झालं अकराला. ड्रायव्हर म्हणाला, निघू या? मी म्हटलं, थांबावं लागेल. किती? माहीत नाही. थांबण्याचे वेगळे पडतील म्हणाला. मी म्हटलं, घ्या.

सु. टायमर नको म्हणते, हा सानियानेच काढायचा, आणि सानियाचा फोन लागत नाही. बॅटरी गेली असेल, रात्रभराचं लग्न. झोपलीही असेल बिचारी. सु. म्हणते झोपली असेल तर झोपू दे. पण तिने अबोली साडी नेसलीय आणि मला पांढरा शर्ट इस्त्री करून घालायला लावलाय. दार तिने ओल्या फडक्याने पुसून घेतलं, वरची कडीसुद्धा. दोन तासांनी बिल्डरचा माणूस त्याला कुलूप लावणार आहे.

एक वाजला.

खाली ड्रायव्हरने सीट मागे टाकली. सावंत कालच गेले, पेंडसे आधीच, जिन्यात कोणाचा आवाज नाही. सु. मला म्हणाली, तुम्ही डावीकडे उभे राहा, तिकडून उजेड येतो, तुमचं टक्कल चमकणार नाही. उभं राहून बघितलं. तिने कॉलर नीट केली. मग म्हणाली, बसा, पाय दुखतील तुमचे.

बसलोय. तीही बसलीय, शेजारी. उंबरा दोघांना पुरतो हे माहीत नव्हतं.

बिल्डरचा माणूस आत्ता वर येऊन गेला. काका, बंद करू का दार, विचारत होता. मी सांगितलं, अजून आहोत आम्ही.